कोर्टाचा संरक्षण आदेश असूनही नवरा येतोच, पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन परत पाठवलं. आता काय करायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही.

मी सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माहेरी राहते. घरात आई आणि तिसरीत शिकणारी मुलगी. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. सासर पुण्याचं. डीव्हीची (कौटुंबिक हिंसाचाराची) केस पुण्यातच टाकली होती, कारण तेव्हा मी तिथे राहत होते. मार्चमध्ये कोर्टानं अंतरिम आदेश दिला. ऑर्डर इंग्रजीत आहे. वकिलांनी सांगितलं त्याप्रमाणे त्यात असं आहे: सामनेवाल्यानं (म्हणजे नवऱ्यानं) अर्जदाराला (म्हणजे मला) कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये, प्रत्यक्ष, फोनवर किंवा मेसेजनं संपर्क साधू नये, ती काम करते तिथे जाऊ नये. शिवाय मुलीसाठी आणि माझ्यासाठी दरमहा पोटगी.

काही दिवस शांततेत गेले. मग त्याच्या चुलतभावाच्या नंबरवरून मेसेज यायला लागले. भाषा मात्र सगळी ह्याचीच, 'माझी पोरगी', 'तुझी आई'. गेल्या महिन्यात तर हा थेट पतसंस्थेत आला. सोमवार, बाजाराचा दिवस, काउंटरसमोर ही गर्दी. काचेवर हात आपटून म्हणाला, "कोर्टाचा कागद उशाला घेऊन झोप, पोरगी घेऊन जाणार मी." रांगेतली माणसं खाली बघत उभी राहिली. माझ्या हातात पाचशेच्या नोटांचं बंडल होतं, ते पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं. नंतरच्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळी फाटकाच्या समोर गाडी लावून बसला होता. मुलीनं मला सांगितलंसुद्धा नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं.

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, "ऑर्डर पुण्याची आहे, तिकडे तक्रार करा. मारहाण झालीय का? नाही ना? मग एनसी घेतो." एनसीचा कागद दिला आणि म्हणाले, नवराबायकोचं आहे, मिटवून टाका.

मॅनेजर साहेब चांगले आहेत, पण साक्ष द्यायला तयार नाहीत. माझा प्रश्न एवढाच: कोर्टाच्या आदेशाचा काही उपयोग आहे की नाही? असेल तर पुढची पायरी कोणती?

गावाकडचा अण्णा

ताई, राग मानू नका. पोलीस-कोर्टात वर्षं जातात. दोन्हीकडची चार मोठी माणसं बसवा, त्यांच्यासमोर लिहून घ्या. पोरीच्या डोक्यावर बापाचं छत्र राहिलेलं बरं.

जुनी कार्यकर्ती

पोलीस ठाण्याच्या आवारातल्या महिला साहाय्य कक्षात समुपदेशक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. वयानं मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

आधी अण्णांना. दादा, तुमचा हेतू वाईट नाही. पण चार मोठी माणसं बसायची वेळ कोर्टात जायच्या आधीची होती, आणि अशा बहुतेक घरांत ती बसून झालेली असतात. हा माणूस न्यायाधीशाची सही असलेला कागद मानत नाही, तो पंचांसमोर लिहून दिलेला कागद मानेल असं कशावरून? आणि जे छत्र शाळेच्या फाटकासमोर गाडीत दबा धरून बसतं, त्यापासूनच तर आडोसा हवा आहे.

आता तुला. उपयोग आहे, आणि चांगला आहे. तुझ्या हातात जो एनसीचा कागद दिला तो चुकीचा आहे.

चूक कशी होते ते नीट समजून घे, म्हणजे ठाण्यात बोलताना पाय लटपटणार नाहीत. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अंतरिम आदेश मोडला तरी तेच, त्यात फरक नाही. पोलिसांच्या रोजच्या सवयीचा ठोकताळा असा की तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत असा. 'एक वर्ष' दिसलं की हात आपोआप एनसीच्या रजिस्टरकडे जातो. पण तो ठोकताळा त्या त्या कायद्यात वेगळं काही सांगितलेलं नसेल तेव्हाचा. इथे लगेच पुढच्या कलमात, ३२ मध्ये, स्पष्ट लिहिलंय की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. या कायद्याखालच्या नियमांतला १५ वा नियमही तेच सांगतो: आदेशाचा भंग झाला की स्थानिक पोलीस ठाण्याला लगेच कळवायचं आणि त्यांनी तो दखलपात्र गुन्हा म्हणूनच हाताळायचा. म्हणजे एफआयआर. ही पानं मराठीत छापून घे, कलम ३२ खाली रेघ मार आणि टेबलावर ठेव. मी हे सांगून सांगून थकले, पण छापील पान पुढे ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलतो हे असंख्य वेळा बघितलंय.

'ऑर्डर पुण्याची' हेही चालत नाही. कलम २७ मध्येच आहे की या कायद्याखालचा आदेश भारतभर लागू असतो. भंग तुमच्या गावात झाला, पतसंस्था तिथली, शाळा तिथली, म्हणजे हद्द त्याच ठाण्याची.

आणि 'मारहाण झालीय का' हा प्रश्नच इथे गैरलागू. तो कामाच्या जागी आला, संपर्क साधला, तिथेच गुन्हा पूर्ण झाला. मारहाण होण्याची वाट बघायला लागू नये म्हणूनच तर हा आदेश असतो.

साक्षीदाराची काळजी आत्ता नको. कलम ३२ मध्येच म्हटलंय की एकट्या पीडित बाईच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा झाला असं मानू शकतं. मॅनेजरनी साक्ष नाही दिली तरी सीसीटीव्हीचं बघायला सांग. डीव्हीआरवर जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं, म्हणून आजच लेखी अर्ज दे की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जपून ठेवावं, आणि पोच घे.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कोर्ट आदेशाची प्रत फुकट देतं आणि पोलीस ठाण्यालाही पाठवतं, पण जिथे केस चालली त्या हद्दीतल्या ठाण्याला. तुझी प्रत पुण्यातल्या फायलीत असेल, तुमच्या गावातल्या ठाण्याला तिचा पत्ताच नसेल. तेव्हा सहीशिक्क्याची नक्कल काढ, अर्जासोबत गावातल्या ठाण्याच्या आवकमध्ये दे, आणि आपल्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस.

संरक्षण अधिकाऱ्यांना विसरू नकोस. महिला व बालविकास विभागाचे असतात, तालुक्याला नाही भेटले तर जिल्हा कार्यालयात विचार. नियम १५ प्रमाणे तू त्यांना लेखी कळवलंस की तक्रार आणि आदेशाची प्रत कोर्टाकडे पाठवणं हे त्यांचं काम. तू मदत मागितलीस तर पोलिसांत तक्रार नोंदवायला साहाय्य करणं हेही. एकटी जाऊ नकोस, त्यांना बरोबर घे.

काळा कोट

वकील आहे, फौजदारी आणि कौटुंबिक दोन्ही करतो. वर ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे. काही भर घालतो, कारण पुढे कोर्टात केस इथेच अडकते.

पहिलं, आदेश त्याच्यावर बजावला गेला आहे का? तो हजर असताना दिला असेल तर रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) दिसेल. एकतर्फी असेल तर बजावणीचा अहवाल पाहा आणि त्याची नक्कल काढा. 'मला आदेशाची माहितीच नव्हती' हा त्याचा पहिला बचाव असणार. तुमच्या बाबतीत "कोर्टाचा कागद उशाला घेऊन झोप" हे वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलंय. ते तक्रारीत जसंच्या तसं, अवतरण चिन्हात लिहा. 'त्याने धमकी दिली' एवढंच लिहू नका.

दुसरं, ऑर्डर कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. संपर्क नको, कामाच्या जागी यायचं नाही, हे कलम १८ खालचं, त्याच्या भंगाला ३१ सरळ लागतं. पोटगी कलम २० ची. ती थकली तर ३१ लावता येतं का यावर उच्च न्यायालयांचं एकमत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच तक्रारीत कालवू नका. पोटगीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज करा. पगारदार असेल तर कलम २०(६) खाली त्याच्या मालकाला थेट पगारातून रक्कम द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगता येतं.

तिसरं शाळेचं. तुम्ही सांगितलेल्या मजकुरात शाळा दिसत नाही. ऑर्डर पुन्हा वाचा. शाळेचं नाव नसेल तर फाटकासमोर थांबणं हा सरळ भंग आहे असं सिद्ध करणं थोडं कठीण जातं. 'कोणत्याही प्रकारे त्रास देऊ नये' यात बसवायचा प्रयत्न होईल, पण त्यावर विसंबू नका. परिस्थिती बदलली म्हणून कलम २५(२) खाली आदेशात बदल मागा आणि शाळेचं नाव, पत्ता घालून घ्या.

चुलतभाऊ. तो सामनेवाला नाही, म्हणून कलम ३१ त्याला सरसकट लागत नाही. पण मेसेज नवऱ्यानंच त्याच्या फोनवरून केले असतील तर तो नवऱ्याचाच संपर्क आहे. शिवाय नियम १५(७) मध्ये सामनेवाल्याच्या वतीनं आदेशाला अडथळा आणणाऱ्याचाही उल्लेख आहे. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉट घेताना सेव्ह केलेलं नाव नको, नंबर आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमच्या वकिलांकडून करून घ्या.

आणि मुदत. या गुन्ह्याला कमाल शिक्षा एक वर्ष, म्हणून भंग झाल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार कोर्टापुढे यायला हवी. कामात्ची (Kamatchi) विरुद्ध लक्ष्मी नारायणन या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की संरक्षण, पोटगी मागायच्या कलम १२ च्या मूळ अर्जाला ही मुदत नाही, पण आदेशभंगाच्या गुन्ह्यासाठी ती भंगाच्या तारखेपासून मोजायची. 'बघू, सुधारेल' करत बायका थांबतात आणि वर्ष कधी उलटलं ते कळत नाही.

तगर

मी यातून गेलेली आहे, म्हणून लिहिते. माझ्याही वेळी आधी एनसी, मग "चॅप्टर केस करतो, घाबरेल तो" असं सांगितलं. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याचं हमीपत्र लिहून घ्यायचं. ते करायचं तर करू देत, पण त्यानं एफआयआरची गरज संपत नाही. हे ठामपणे सांगायचं.

मी अर्ज रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवला. सोबत ऑर्डर, एनसीची प्रत, ठाण्याच्या शिक्क्याची पोच. ठाण्यात नोंद घेतली नाही तर अधीक्षकांना लेखी कळवायची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये आहे. तिथून फोन आल्यावर मला बोलावून घेतलं. संध्याकाळी उशिरापर्यंत बसवलं, जबाब लिहिताना शब्द बदलत होते. 'शिवीगाळ केली' असं लिहीत होते, मी म्हटलं शिव्या आहेत तशा लिहा. सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या, कितीही घाई केली तरी.

अजून एक. अजामीनपात्र म्हणजे त्याच रात्री आत टाकतील असं नाही. माझ्या नवऱ्याला नोटीस देऊन बोलावलं. मला तेव्हा फार लागलं होतं ते. पण जामिनाच्या वेळी मी स्वतः कोर्टात उभी राहिले आणि अटी मागितल्या.

काळा कोट

बरोबर. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अटकेची कारणं लिहावी लागतात. अटकेची गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस. आणि जामिनाच्या अटींबद्दल नियम १५(९) मध्येच यादी आहे: धमकी द्यायची नाही, फोन-भेट नाही, तिच्या घरापासून दूर राहायचं, दारू पिण्यावरही बंदी. न्यायाधीश त्याला इतरही अटी जोडू शकतात. मागितल्या तर मिळतात, म्हणून त्या तारखेला गैरहजर राहू नका.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. ऑर्डर पुन्हा वाचून घेतली, शाळेचा उल्लेख नाही. बदलाचा अर्ज करायला वकिलांना सांगितलंय.

दोन गोष्टी छळताहेत. मुलीच्या शाळेच्या एका फॉर्मवर वडिलांची सही लागत होती, म्हणून जूनमध्ये मीच त्याला एक मेसेज केला होता. आता तो सांगत फिरतोय की 'तिनंच संपर्क केला, ऑर्डर रद्द झाली.' खरंच असं होतं का? आणि आई म्हणते, त्याच्यावर गुन्हा झाला तर नोकरी जाईल, मग पोटगी कुठून देणार.

काळा कोट

आदेश त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही. तो रद्द करणं किंवा बदलणं हे कोर्टाचं काम, तुमच्या एका मेसेजनं तो संपत नाही. उलटतपासणीत हा मेसेज ते दाखवतील, म्हणून तुम्हीच तक्रारीत लिहून टाका: शाळेच्या फॉर्मसाठी अमुक तारखेला एवढा एकच मेसेज केला. यापुढे अशी सही लागली तर वकिलांमार्फत मागा.

जुनी कार्यकर्ती

आईंना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव. नोकरी जाईल की राहील हा विचार त्यानं काचेवर हात आपटण्याआधी करायचा होता. तो भार तुझ्या डोक्यावर कुणी ठेवू देऊ नकोस. पोटगीचं कोर्ट बघेल. आणि आत्तासुद्धा ती वेळेवर येतेय का, ते तू लिहिलेलं नाहीस.

कृष्णाकाठची

पोटगी दोनदाच आली.

काल संरक्षण अधिकारी मॅडमना घेऊन ठाण्यात गेले. छापील पानं नेली होती. साहेबांनी कलम ३२ वाचलं, अर्ज घेतला, आवक शिक्का दिला. पण एफआयआर नाही. 'कौटुंबिक बाब आहे, आधी चौकशी करतो' म्हणाले.

काळा कोट

२०१३ च्या ललिता कुमारी निकालात वैवाहिक वादांसाठी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली आहे, तिचा आधार घेताहेत. पण ती मुभा दखलपात्र गुन्हा दिसतो की नाही एवढं तपासण्यापुरती आहे. इथे कोर्टाचा आदेश समोर आहे, तो पतसंस्थेत आला हे सीसीटीव्हीत दिसेल, तपासायला उरलं काय? आजच अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवा, पोस्टाची पावती जपा. तरी हललं नाही तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटसमोर शपथपत्रासह अर्ज करता येतो. त्याच वेळी दुसरा मार्ग उघडा आहे: नियम १५(४) प्रमाणे आदेशभंगाची तक्रार तुम्ही थेट मॅजिस्ट्रेटकडे करू शकता. हा गुन्हा शक्यतो आदेश देणाऱ्याच मॅजिस्ट्रेटपुढे चालवायचा असं कलम ३१(२) सांगतं, त्यामुळे पुण्याची पुढची तारीख वाया घालवू नका. त्या दिवशी अर्ज तयार हवा. संरक्षण अधिकाऱ्यांनी पाठवलेली तक्रार तोवर रेकॉर्डवर आली का, तेही लिपिकाकडे विचारा.

वकिलाची फी अडत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन केला तरी सांगतात.

जुनी कार्यकर्ती

कागदपत्रं चालू राहतील. पण उद्या सकाळी एक काम आधी कर. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना लेखी दे की मुलीला फक्त तू किंवा आजीच नेणार, दुसऱ्या कुणाच्याही ताब्यात देऊ नये. सोबत आदेशाची झेरॉक्स जोड आणि त्यावरही पोच घे. वर्गशिक्षिका आणि फाटकावरच्या शिपाईमामांना तोंडी वेगळं सांग, कारण मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा कागद फाटकापर्यंत पोचत नाही. पतसंस्थेतही तेच. तो पुन्हा दिसला तर वाद घालू नकोस, ११२ लाव. कोर्टाचा संरक्षण आदेश आहे हे पहिल्याच वाक्यात सांग आणि कॉलची वेळ लिहून ठेव. त्या कॉलची नोंद राहते, पुढच्या तक्रारीत ती कामाला येईल.

आणि मुलीशी बोल. तिनं तुला सांगितलं नाही, कारण आई रडेल असं तिला वाटलं असेल. तिला सांग की बाबा दिसले तर आईला सांगायचं, त्यात तिची काही चूक नाही आणि आई रागावणार नाही.

अधीक्षकांकडून काय उत्तर येतं ते इथे कळव.